हातोडी गेली, मशीन आलं. पण माप कोण घेणार?

गेल्या महिन्यात आपल्या एसटी स्टँडसमोर एक फ्लेक्स लागला होता. बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 'आता नाकाची सर्जरी अल्ट्रासोनिक मशीनने! ना हातोडी, ना छिन्नी. ना सूज, ना वेदना.' शेजारी कुठल्यातरी परदेशी मुलीचा फोटो, चाफेकळी नाक. खाली हप्त्याची सोय. आठवड्याभरात त्यावर एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला आणि विषय संपला, असं मला वाटलं.

संपला नव्हता. चार दिवसांनी एका ओळखीच्या शेतकरी अण्णांचा फोन आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलतोय.)

"साहेब, जरा एक विचारायचं होतं. तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहिती असतं सगळं. ते मशीनचं नाकाचं ऑपरेशन खरं असतं का हो?"

"कुणासाठी अण्णा?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "थोरलीसाठी. दोन स्थळं आली, दोन्ही परत गेली. नाक बसकं आहे म्हणाले. उसाचं बिल आलं की भरून टाकीन म्हणतो."

मला काय बोलावं सुचेना. आपल्याकडे नाकाला किती म्हणी आहेत बघा. नाक कापलं, नाक घासलं, नाक मुठीत धरलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं'. ही म्हण आपण हसत हसत वापरतो. ती ऐकत एखादी मुलगी मोठी होते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण अण्णांचा प्रश्न सरळ होता. मशीन खरं की खोटं? म्हणून मी पंधरा दिवस हा विषय धरून बसलो. वाचलं, दोन-तीन सर्जनशी बोललो. जे कळलं ते इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण पैसे भरायच्या आधी वाचलेली बरी.

सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करू. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाच्या एका मराठी माणसाची ती हकीकत होती. हा शेतकरी जातीचा गडी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं, नाक कापलं, एक हातही तोडला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस जातीनं विटा भाजणारा. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. काळ सवाई माधवरावांचा. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन डोळ्यांनी पाहिलं आणि जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं.

त्या कारागिराकडे होतं काय? एक वस्तरा. थोडं मेण. थोडा काथ आणि थोडं तूप. भूल नाही, दिवा नाही, मशीनचा तर प्रश्नच नाही.

आता त्यानं काय केलं ते नीट बघा. आधी मेणाचा पातळ तुकडा घेऊन तो तुटक्या नाकावर बसवला आणि नाकाचा आकार दिला. मग तो तुकडा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याभोवती रेघ ओढली. तेवढीच कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली. रक्त तिथूनच पोचणार होतं. ती कातडी पिळून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. वर ओल्या काथाच्या चिंध्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून दहाव्या दिवसाच्या सुमारास आत मऊ चिंध्यांचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास, नवं नाक जगलं हे कळल्यावर, वरची पट्टी कापली.

ते पत्र वाचून लंडनचा जोसेफ कारप्यू हा सर्जन वर्षानुवर्षं विचार करत राहिला. मुडद्यांवर सराव केला, १८१४ मध्ये जिवंत माणसावर हे ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ही विद्या युरोपात पसरली. मुळात ती आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत नाकासाठी झाडाच्या पानाचं माप घ्यायला सांगितलंय. एकशे एक यंत्रं आणि वीस शस्त्रं सांगितलीत. माणसाला हात लावण्याआधी शिष्यानं भोपळा-काकडीसारख्या फळांवर कापण्याचा सराव करावा, हेही सांगितलंय.

हे वाचून छाती फुगवायची असेल तर जरूर फुगवा. पण मला त्यात वेगळीच गोष्ट दिसली. त्या पुण्याच्या कारागिराचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार वस्तरा नव्हतं, मेण होतं. कापण्याचं हत्यार दुसरं, मापाचं पहिलं. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हातोडी-छिन्नीकडे येऊ. फ्लेक्सवाल्यानं तिचं नाव घेऊन लोकांना घाबरवलं, पण ती खरीच वापरतात. नाकाचा वरचा साधारण तिसरा हिस्सा हाडाचा असतो, खालचा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर जसं लवचीक असतं तसं. नाकावर उंचवटा असेल तर हाड घासावं लागतं. त्याला कानस असते, आपल्या सुताराकडे असते तशीच, फक्त बारीक. उंचवटा काढला की वर सपाट, उघडा भाग राहतो. मग दोन्ही बाजूंची हाडं कापून आत सरकवावी लागतात. त्यासाठी छिन्नी. ती दोन-तीन मिलिमीटर रुंदीचीही असते. मागून हातोडीचे हलके ठोके.

ही हत्यारं काही अडाणी नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनच्या जाक जोसेफ या सर्जननं नाकासाठी खास करवती, कात्र्या, हाडावरचा पापुद्रा सोडवायची पाती बनवून घेतली. आजही ती त्याच्या नावानं ओळखली जातात. पुढे कोणी प्रकाश आत पोचवणारी आकडी काढली, कोणी बारीक उचकणी काढली. प्रत्येक हत्याराच्या मागे एक अडचण होती: नाकाच्या आत दिसत नाही, जागा नाही, आणि चूक झाली तर ती चेहऱ्याच्या मधोमध दिसते.

छिन्नीचा दोष असा की बऱ्याचदा हे काम सर्जनला दिसत नाही. कातडीखाली छिन्नी कुठं आहे, हे तो बोटांनी आणि ठोक्याच्या आवाजावरून ओळखतो. हाड कधी ठरवलेल्या रेषेत तुटतं, कधी तडा भलतीकडे जातो. आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात, म्हणून डोळ्यांखाली काळंनिळं होतं.

मशीन आलं ते इथं. त्याचं नाव पिएझो. तुमच्या घरात आत्ता, गॅसच्या शेगडीशेजारी, त्याचा भाऊ पडलेला आहे. गॅस लायटर! लायटरचं बटण दाबलं की आतल्या स्फटिकावर आघात होतो आणि ठिणगी पडते. दाबलं की वीज तयार होते, हा गुण पिएर क्यूरी आणि त्याचा भाऊ जाक यांनी १८८० मध्ये शोधला. उलटंही होतं. वीज दिली की स्फटिक थरथरतो. ऑपरेशनच्या मशीनमध्ये पोलादी टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं, तेही केसाच्या जाडीइतक्या अंतरात. हाड कडक, ते या थरथरीनं कापलं जातं. कातडी, रक्तवाहिनी, आतलं मऊ अस्तर या वेगाबरोबर हलतं आणि बऱ्यापैकी बचावतं. इटलीत दातांच्या आणि जबड्याच्या कामासाठी हे तंत्र पुढे आलं, नंतर नाकाकडे वळलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर पसरलं.

म्हणजे मशीन खोटं नाही. हाड डोळ्यांसमोर ठेवून, हव्या त्या रेषेत कापता येतं. पहिल्या काही दिवसांत सूज आणि काळंनिळं कमी दिसतं, हे अभ्यासांतूनही पुढे आलंय. जे चांगलं आहे त्याला चांगलं म्हणायलाच हवं.

पण फ्लेक्सवर जे नव्हतं ते आता सांगतो.

एक. 'कमी सूज' म्हणजे 'सूज नाही' नव्हे. आणि हा फायदा मुख्यतः सुरुवातीच्या दिवसांचा आहे. नाकाचा शेवटचा आकार दिसायला साधारण वर्ष लागतं, मशीन असो वा छिन्नी.

दोन. मशीननं डोळ्यांसमोर कापायचं तर हाडावरची कातडी जास्त रुंद उचलावी लागते. वेळही जास्त लागू शकतो. टोकावर पाण्याची धार सतत हवी, नाहीतर घर्षणानं तापून भाजतं. ही टोकं झिजतात आणि ती महाग असतात. झिजलेलं टोक कोण बदलतो आणि कोण 'अजून एक केस होईल' म्हणतो, हे आपल्याला बाहेर बसून कळत नाही.

तीन, आणि हा सगळ्यात मोठा मुद्दा. हे मशीन हाडासाठी आहे. नाकाचं टोक कूर्चेचं असतं. तिथं आजही सुरी, कात्री, बारीक टाका आणि माणसाचा हात. आणि ज्याचं नाक बसकं आहे, त्याचं बहुतेकदा हाड कमी करायचंच नसतं. उलट भर घालायची असते. ती नाकाच्या पडद्यातून, कानातून नाहीतर बरगडीतून कूर्चा काढून घालतात.

आता अण्णांच्या मुलीचा विचार करा. नाक बसकं. फ्लेक्सवर काय विकत होते? हाड कापायचं मशीन. म्हणजे जे तिला बहुधा लागणारच नाही, त्याच्या नावावर उसाचं बिल जाणार होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा प्रकार.

धारेबद्दलही बोललं पाहिजे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारीला धार लावणारे, हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. धारेची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. बोथट छिन्नीला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर जास्त लावला की हाड मनाला येईल तसं फुटतं. चांगले सर्जन स्वतःच्या छिन्नीला धार लावून घेतात, जुनी झाली की बाजूला टाकतात. ऑटोक्लेव्हमध्ये शंभरावर अंश वाफेत हत्यारं रोज भाजून निघतात. त्यांची निगा राखणं हा एक स्वतंत्र धंदा आहे. धार लावलेली साधी छिन्नी चांगल्या हातात असेल, तर ती अर्धवट शिकलेल्या हातातल्या लाखोंच्या मशीनपेक्षा बरी.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी रुग्णालयात मी दुसऱ्याच बातमीसाठी गेलो होतो. मोटारसायकलवरून पडलेला एक पोरगा, नाकाचा चेंदामेंदा. ऑपरेशनला आलेल्या डॉक्टरांनी खांद्याची पिशवी उघडून स्वतःच्या हत्यारांचा संच काढला. म्हणाले, इथली हत्यारं वापरली तर नाक मीच मोडीन. हसत म्हणाले, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नव्या मशीनच्या उद्घाटनाला फीत कापायला सगळे येतात. हत्यारांना धार लावायच्या करारासाठी कुणी फीत कापल्याचं मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत पाहिलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की सूक्ष्म आणि अचूक हत्यारांची खरी गरज कुणाला आहे, हे आधी ठरवा. अपघातात नाक मोडलेल्याला. दुभंगलेल्या ओठाच्या बाळाला, ज्याचं नाकही त्यासोबत वाकडं असतं. पडदा वाकडा असल्यानं रात्रभर तोंडानं श्वास घेणाऱ्याला. (आपल्याकडे याला 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतात. हाड वाढलेलं नसतं, दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला कललेला असतो.) पंढरपुरात जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून दरवर्षी येऊन गावोगाव मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरं घ्यायचे. स्वतः अपंग, गंभीर आजारी, तरी हजारो मुलांचे ओठ आणि चेहरे नीट केले. त्यांच्या शिबिरात रांगेत बसलेल्यांना चाफेकळी नाक नको होतं. चारचौघांत तोंड लपवावं लागू नये, एवढंच हवं होतं. जिल्हा नियोजनाच्या पैशातून आपल्या सरकारी रुग्णालयांत नाक-कान-घशाच्या हत्यारांचे चांगले संच आणि त्यांच्या निगेचा वार्षिक करार, ही मागणी मी इथून जाहीरपणे करतोय. लोकप्रतिनिधींनी वाचलं असेल तर उत्तर द्यावं.

कुणी म्हणेल, सौंदर्यासाठी नाक बदलायचं असेल तर तुमचं काय जातं? काही जात नाही. सज्ञान माणसाचा चेहरा त्याचा स्वतःचा. एखाद्याला त्यानं आत्मविश्वास येत असेल तर जरूर करावं, त्यात लाज कसली? माझं भांडण दोनच गोष्टींशी आहे. निर्णय स्वतःचा नसून पाहुण्यांचा असणं, आणि मशीनचं नाव पुढे करून डॉक्टरचं नाव मागे ठेवणं. डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण ओढू नयेत, हा नियम २००२ पासून लेखी आहे. व्हिडिओ पाहून किंवा एखादी कार्यशाळा करून अशा शस्त्रक्रिया सुरू करता येत नाहीत, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही २०२२ मध्ये बजावलंय. तरी फ्लेक्स लागतात, आणि आपण त्यांच्याखाली उभं राहून एसटीची वाट बघतो.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी हे विचारा. न लाजता विचारा, पैसे तुमचे आहेत आणि नाकही तुमचंच:

१. ऑपरेशन प्रत्यक्ष कोण करणार? त्यांची पदवी कोणती? प्लास्टिक सर्जरीची की नाक-कान-घशाची? नोंदणी क्रमांक काय? वैद्यकीय परिषदेकडे तो तपासता येतो.

२. माझ्या नाकाला हे मशीन लागणार आहे का? लागणार असेल तर नेमकं कुठं?

३. माझा श्वास तपासला का? नाक बारीक करताना आतली वाट अरुंद झाली तर काय?

४. तुमच्या स्वतःच्या जुन्या रुग्णांचे, वर्षानंतरचे फोटो दाखवता का? इंटरनेटवरचे नकोत.

५. बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार आणि खर्च कुणाचा?

६. भूल देणारे डॉक्टर कोण, आणि रुग्णालय नर्सिंग होम कायद्याखाली नोंदलेलं आहे का? रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं आपल्या राज्यात २०२१ पासून बंधनकारक आहे. भिंतीवर दिसली नाही तर तिथंच थांबा.

आता अण्णांचं काय झालं ते सांगतो. मी त्यांना आणि लेकीला घेऊन ओळखीच्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी अण्णांना बाहेर बसवलं आणि मुलीशी बोलले. मग फोटो घेतले, समोरून, बाजूनं, खालून. छोट्या कॅलिपरनं मापं घेतली. आत दुर्बिणीनं पाहिलं. पाऊण तास गेला. हत्याराचं नावसुद्धा निघालं नाही.

मला त्या क्षणी पुण्याचा तो मेणवाला आठवला. आधी माप.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, हिचा पडदा बराच वाकडा आहे, एक बाजू जवळपास बंद. ते ऑपरेशन करायला हवं. बाकी आकाराचं तिला स्वतःला वाटलं तर नंतर बघू, घाई नाही. अण्णा लेकीकडे बघत राहिले. म्हणाले, "अगं, श्वास येत नाही हे कधी बोलली नाहीस?"

ती म्हणाली, "लहानपणापासून सांगतेय आबा. तुम्ही सगळे नाक बाहेरूनच बघत होता."

परतीच्या गाडीत कुणीच फारसं बोललं नाही. पडद्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिसरं स्थळ येणार होतं, ते अण्णांनी तूर्त नको म्हणून कळवलंय. तिनं बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, हे मला तिनंच सांगितलं.

फ्लेक्सच्या जागी आता दुसराच फ्लेक्स आहे. उद्या पुन्हा एखादं नवं मशीन येईल, त्याचंही स्वागत करू. फक्त त्याच्याखाली उभं राहून पहिला प्रश्न एवढाच विचारा: माप कुणी घेतलं?

पटलं तर पुढे पाठवा. विशेषतः ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांना. पटलं नाही तर सांगा, मी इथंच आहे.